सुनेला कुणी विचारलं होतं का?



२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. सप्तमीच्या दुपारी शेगावात आमच्या बचत गटाची बैठक होती. विषय नेहमीचेच, थकलेले हप्ते आणि फवारणीच्या खर्चासाठी मागितलेली कर्जं. पण बऱ्याच जणी शीतलेची पूजा आटोपून आल्या होत्या. त्या दिवशी चूल पेटवायची नसते, म्हणून आदल्या रात्री करून ठेवलेला दहीभात, पुऱ्या, लोणचं डब्यांतून निघालं. एका मावशींनी पिशवीतून श्रावणातल्या कहाण्यांचं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "ताई, चष्मा घरी राह्यला माहा. आज तुमीच वाचा."

ही कहाणी मी लहानपणी आजीच्या तोंडून दर श्रावणात ऐकली होती. तेव्हा ती मला फार आवडायची. पाण्याखाली जिवंत राहिलेला मुलगा, बोलणाऱ्या जळदेवता, आईचा पाय धरून वर येणारं लेकरू, सगळी जादूच होती. पुढे कॉलेजात गेल्यावर, समाजकार्याचं शिक्षण घेताना, अशी पुस्तकं मी 'अंधश्रद्धा' या एका शब्दात बांधून माळ्यावर टाकली. त्यामुळे त्या दुपारी मी ती जवळजवळ वीस वर्षांनी पुन्हा वाचत होते, आणि पहिल्यांदाच मोठ्या बाईच्या डोळ्यांनी वाचत होते.

ज्यांना कहाणी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक राजा गाव वसवतो, गावाखाली तळं बांधतो. तळ्याला पाणी लागत नाही. जळदेवता सांगतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे, पाणी लागेल. राजाला वाईट वाटतं. पण तो हिशेब करतो की इतक्या लोकांचा जीव एका बाजूला आणि एका नातवाचा जीव दुसऱ्या बाजूला. हिशेब जमतो. अडचण एकच उरते, सून कबूल कशी होईल? त्यावर तो तोड काढतो. सुनेला माहेरी पाठवतो, नातवाला ठेवून घेतो. मग चांगला दिवस पाहून मुलाला न्हाऊमाखू घालतात, जेवू घालतात, दागिने घालतात आणि पलंगावर निजवून तळ्यात ठेवतात. तळं भरतं. काही दिवसांनी सून भावाबरोबर परत येत असते. वाटेत भरलेलं तळं दिसतं, सप्तमीचा दिवस असतो, तिला आपल्या वशाची आठवण होते. ती काठावर पूजा करते, दहीभाताचं वाण भावाला देते आणि प्रार्थना करते की आमच्या वंशातलं कुणी पाण्यात बुडालं असेल तर ते परत मिळावं. बुडालेला मुलगा तिचा पाय ओढतो, ती त्याला कडेवर घेऊन घरी येते. राजा चकित होतो आणि सुनेवर अधिकच माया करू लागतो.

मी पुस्तक मिटलं. बायकांनी हात जोडले. तेवढ्यात मागच्या ओळीत बसलेली एकजण म्हणाली, "ताई, त्या सुनेले कोनं इचारलं व्हतं काय?"

कुणीतरी हसलं. मीही हसले. म्हटलं, नाही, कहाणीत तरी कुणी विचारलेलं दिसत नाही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुमीबी कुठी इचारलं व्हतं मले?"

ती काय म्हणते आहे ते मला समजलं, आणि माझं हसू तिथंच थांबलं. तिच्या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे. आधी या कहाणीबद्दल थोडं बोलायला हवं.

देवी नावाचा रोग

शीतला ही देवीच्या रोगाची देवता. आपल्या भाषेत एकच शब्द तिन्ही ठिकाणी लागतो. रोगाला देवी म्हणायचं, रोग झाला की 'देवी निघाल्या' म्हणायचं आणि लस टोचली तरी 'देवी टोचल्या' म्हणायचं. लस टोचणारा माणूस गावात आला की तो 'देवी डॉक्टर'. या शीतलेची मूर्ती आठवून पाहा. गाढवावर बसलेली, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात पाण्याचा कलश, डोक्यावर सूप. झाडणं, पाखडणं, पाणी भरणं, म्हणजे बाईची रोजचीच कामं. रोगाची देवता कल्पितानाही समाजाने तिच्या हाती शस्त्र दिलं नाही, घरकामाचं सामान दिलं. रोग आणणारीही तीच आणि झाडून काढणारीही तीच.

आणि गंमत पाहा, छापील कहाणीत रोगाचा एक शब्दही नाही. फोड नाहीत, ताप नाही, कडुलिंबाचा पाला नाही. आहे ते फक्त एक मूल, जे सगळ्यांच्या भल्यासाठी गेलं, आणि एक आई, जिला ते विचारलं गेलं नाही. लहानपणी मला हे विसंगत वाटायचं. आता वाटतं की ज्या घरांतून देवीने दर काही वर्षांनी लेकरं उचलून नेली, त्या घरांतल्या बायकांनी आपलं दुःख या कहाणीत नेमकं ठेवलं आहे. आपलं मूल गेलं, ते परत मिळावं, एवढंच त्या मागत होत्या.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. तिला आठव्या वर्षी देवी आल्या, धाकटा भाऊ त्यात गेला, ती वाचली. वाचली याचा आनंद घरात कुणाला किती झाला मला माहीत नाही, कारण ती सांगायची तेव्हा पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "मग मले बिजवराले देल्लं." तोंडावर खड्डे पडलेल्या पोरीला दुसरं कोण करणार? रोग गेला, पण त्याची किंमत तिने जन्मभर मोजली. ही आजीच दर श्रावणात आम्हा नातींना शीतलेची कहाणी वाचून दाखवायची, आणि मुलगा आईचा पाय ओढतो त्या जागी तिचा आवाज बदलायचा. तो धाकट्या भावासाठी बदलत होता, हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

दोन्ही टोकांना मुली

देवीचा रोग साधासुधा नव्हता. त्याच्या तीव्र प्रकारात शंभरातले तीसजण दगावत. १९७४ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसं मेली. त्यानंतर वर्षभरातच तो आटोक्यात आला. १९७७ साली भारत आणि १९८० साली सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसाने मुळासकट उपटलेला हा माणसांमधला एकमेव रोग. हा इतिहास आपण जेन्नर आणि मोठमोठ्या संस्थांच्या नावाने शिकतो. पण त्यातल्या बाया आणि पोरी बाजूला काढून पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत भारतातली पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली, ती ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावर आलेल्या फोडातली लस काढून पुढच्या मुलांना टोचली आणि तिथून ती देशभर गेली. तेव्हा लस बाटलीत टिकत नसे, तिला एका मुलाच्या अंगावरून दुसऱ्या मुलाच्या अंगावर न्यावं लागे. १८०३ मध्ये स्पेनने आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली तीही अनाथाश्रमातल्या बावीस मुलांच्या दंडांवरून, आणि त्यांना जहाजावर सांभाळायला त्या अनाथाश्रमाची व्यवस्थापिका इसाबेल झेंडाल गेली होती. पुष्कळांच्या जिवापुढे एका लेकराचं काय, हा राजाचा हिशेब कहाणीबाहेरही चालू होता. तो हिशेब पुष्कळांच्या उपयोगी पडला, हे खरं आहे. त्या मुलांना कुणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

आता दुसरं टोक पाहू. भारतातली देवीची शेवटची रुग्ण म्हणून नोंद आहे ती सैबान बीबीची. भीक मागून जगणारी ही बाई मे १९७५ मध्ये आसामात करीमगंज इथे आढळली. देवीच्या तीव्र प्रकाराची निसर्गतः लागण झालेली जगातली शेवटची रुग्ण म्हणजे बांगलादेशातल्या भोला बेटावरची रहिमा बानू, ऑक्टोबर १९७५, वय वर्षं तीन. आणि रहिमाला देवी आल्याची खबर देणारी कोण? बिल्किसुन्निसा नावाची आठ वर्षांची मुलगी. तिला खबरीबद्दल २५० टका बक्षीस मिळालं.

मला या सगळ्या नावांत बिल्किसुन्निसाचं नाव सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या मुली आणि बाया या इतिहासात शरीर म्हणून येतात, कुणाचा दंड म्हणून, कुणाचा फोड म्हणून. ही एकटी जाणती म्हणून येते. तिने पाहिलं, ओळखलं, सांगितलं, आणि मोठ्यांनी तिचं ऐकलं. तिला मोबदलाही दिला. आठ वर्षांच्या गरीब पोरीचं ऐकलं गेलं म्हणून एका जीवघेण्या रोगाची शेवटची ठिणगी वेळेत सापडली.

सेवा लक्षात राहिली, सवाल विसरला

आपल्या महाराष्ट्रात साथीत काम करणारी बाई म्हटलं की सावित्रीबाई आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून डॉक्टर असलेल्या यशवंतच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी त्या ६६ वर्षांच्या होत्या. आपण दरवर्षी या दिवशी कार्यक्रम घेतो, भाषणं करतो.

पण त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या प्लेगबद्दल आणखी एक बाई बोलली होती. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला होता. सोल्जर घराघरांत शिरत होते, गाठी पाहण्यासाठी बायकांच्या अंगाला हात घालत होते. प्लेगच्या दवाखान्यात तरुण मुलींच्या वाट्याला काय येतं हे पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात लिहून जाहीर केलं. त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. सरकारने ते नाकारलं, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत.

सावित्रीबाईंनी पाठीवर मूल घेतलं ते शाळेच्या पुस्तकात आलं. रमाबाईंनी सवाल केला तो आला नाही. असं का? कारण साथीत बाईने सेवा केलेली समाजाला आवडते. बाईने विचारलेलं आवडत नाही. आणि खरं तर सावित्रीबाईंचं सगळं आयुष्यच सवाल करण्यात गेलं होतं. पण शेवटच्या त्या एका दृश्यात त्यांना बसवून टाकलं की त्यांचा सवालही पुसता येतो. आपण स्त्रीचळवळीतल्या बायकाही कधी कधी या पुसण्यात सामील होतो. मी झाले होते.

माझी गोष्ट

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात त्याच १८९७ च्या कायद्याखाली कोरोनाची बंधनं आली. शेगाव म्हणजे गजानन महाराजांचं गाव. इथलं मंदिर बंद झालेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं, ते बंद झालं. त्याबरोबर फुलवाल्या, खेळणीवाल्या, लॉजमध्ये धुणंभांडी करणाऱ्या, ऑटोवाल्यांच्या बायका, सगळ्यांची चूल विझायची वेळ आली. मी तेव्हा एका संस्थेत काम करत होते. एका गावात शाळेत विलगीकरण केंद्र सुरू झालं आणि तिथल्या माणसांना जेवण कोण रांधणार हा प्रश्न आला. मी तोड काढली, बचत गटाच्या बायका आहेत की!

मी बायकांना गोळा केलं आणि सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. होय, तीच पाठीवरच्या मुलाची. म्हटलं, आज आपली वेळ आहे, सेवा समजून करायचं. पाचजणी तयार झाल्या. मजुरीचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. मास्क दोन-दोन दिले. घरी लहान मूल आहे का, म्हातारं कुणी आहे का, नवऱ्याचं काय म्हणणं आहे, हेही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित कुणी 'नाही' म्हटलं असतं, आणि मला 'नाही' ऐकायला वेळ नव्हता.

त्यातल्या एकीची सासू कोरोनाने गेली. रोग तिच्यामार्फतच आला की कसा, हे कुणीच सांगू शकत नाही, दीर मुंबईहून परत आला होता. पण घराने आणि गल्लीने ठरवून टाकलं, हिनेच आणला. बाहेर रांधायला गेली होती ना! वर्षभर तिच्या हातचं पाणी घरात कुणी घेतलं नाही. मी भेटायला गेले, समजूत घातली, आणि पुढच्या कामाला लागले. त्या श्रावणातल्या बैठकीत मागच्या ओळीतून ज्या बाईने प्रश्न विचारला, ती हीच.

कहाणीतल्या राजाला मी आतापर्यंत दुष्ट समजत होते. पण तो दुष्ट नाही. तो दुःखी आहे, लोकांचं भलं इच्छिणारा आहे, आणि त्याला घाई आहे. सून कबूल होणार नाही हे तो जाणून आहे, म्हणूनच तो तिला विचारत नाही. अगदी माझ्यासारखाच.

सरकारही तसंच

मी एकटीच अशी वागले असते तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. आपल्या सगळ्या आरोग्यव्यवस्थेची उभारणीच या न विचारण्यावर झालेली आहे. महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशाताई आहेत. त्यांना कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात, म्हणजे ज्या आपणहून सेवा करतात त्या. कोरोनात घरोघर तपासणी त्यांनी केली. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम त्यांच्याच पायांवर चालली. या जास्तीच्या कामाबद्दल केंद्राने त्यांना महिन्याला १,००० रुपये ठरवले, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. लोकांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या, आणि त्याच लोकांनी आपल्या दाराशी त्यांना उभंही केलं नाही.

शेवटी जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, तेव्हा थोडी वाढ मिळाली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. मग पुन्हा संप, पुन्हा मुंबईत आझाद मैदानावर धरणं, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. जे मिळालं ते गौरवातून मिळालं नाही, मागण्यातून मिळालं. तरीही त्या अजून 'स्वयंसेविका'च आहेत. राजा सुनेवर अधिक माया करू लागला, पण पुढच्या तळ्याच्या वेळी तिला विचारीन असं काही तो म्हणाला नाही.

डोक्यावरचा पदर

कुणी म्हणेल, या झाल्या जुन्या गोष्टी. तर आमच्याच तालुक्यातली ताजी सांगते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत डोकं साफ. बघता बघता गावं वाढली, बाधितांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. पेपरवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवलं. पाण्याचे नमुने गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. आमच्या भागातली बरीच गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली, त्यामुळे आधी संशय पाण्यावर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचा निष्कर्ष मांडला. रेशनवर आलेल्या पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर होतं, आणि बाधितांच्या शरीरात जस्त कमी आढळलं. पुढे एप्रिलमध्ये काहींची नखंही गळायला लागली.

या आजाराने कुणी मेलं नाही. पण मी त्या पट्ट्यातल्या एका गावात गेले तेव्हा घरोघरी एक गोष्ट दिसली. पुरुषांनी सरळ डोकं तासून घेतलं होतं, टोपी घातली होती आणि ते कॅमेऱ्यासमोर उभे राहत होते. बायका डोक्यावरचा पदर दातांत धरून बसल्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या पोरी स्कार्फ काढायला तयार नव्हत्या आणि कॉलेजातही जात नव्हत्या. एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पाहुणे येनार व्हते. आता काय सांगू?" मला माझ्या आजीचा बिजवर आठवला. रोग बदलला, काळ बदलला, देवी जाऊन पन्नास वर्षं झाली. पण पोरीच्या अंगावर रोगाची खूण राहिली की तिची किंमत कमी होते, हा हिशेब तसाच आहे.

आणखी एक. केस गळताहेत हे पहिल्यांदा कुणी पाहिलं असेल? घरात फणी, न्हाणी, उशीचे अभ्रे कुणाच्या हातात असतात? एका बाईने मला सांगितलं की फणीला गुंताच्या गुंता येतोय हे तिने सुरुवातीलाच शेजारणींना दाखवलं होतं. घरात म्हटलं तर "शाम्पू बदल" म्हणाले. गहू वेगळा लागतोय का, हे तर कुणी तिला विचारलंच नाही, आणि रोज तो गहू निवडत, दळत, मळत तीच होती. पोटात काय जाणार हे कुठल्या तरी गोदामात ठरलं. अंगावर काय झालं हे प्रयोगशाळेत ठरलं. मधली बाई कुणालाच दिसली नाही. बिल्किसुन्निसा आमच्या गावातही होत्या, पण त्यांचं ऐकायला कुणी गेलं नाही.

विचारायला वेळ नसतो?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं की साथीत माणसं मरत असतात, तेव्हा विचारत बसायला वेळ कुठे असतो? हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे, म्हणून त्याचा खोटेपणा मला ठाऊक आहे. माझ्याकडे सरपंचांना विचारायला वेळ होता, तहसीलच्या परवानगीला वेळ होता, किराणावाल्याचे पैसे चुकवायला वेळ होता. फक्त रांधणारीला विचारायला वेळ नव्हता. जी नाही म्हणू शकते असं आपण धरतो तिला आपण विचारतोच, मग कितीही घाई असो. जिचं 'हो' आपण आधीच गृहीत धरलेलं असतं तिच्यापाशी वेळ संपतो.

दुसरा आक्षेप आमच्याच काही कार्यकर्त्या घेतात. म्हणतात, असल्या कहाण्या वाचायच्याच कशाला, लसीकरणाचा तक्ता वाचा. तक्ता वाचायलाच हवा. कडुलिंबाच्या पाल्याने गोवर जात नाही, लस चुकवू नका, हे मी आजही दारोदार सांगते. पण तक्ता वाचून त्या बाईला पाच वर्षं गिळलेला प्रश्न विचारता आला नसता. तो तिला कहाणीने दिला. तेव्हा कहाणी फेकू नका. वाचा, आणि वाचून झाली की हात जोडण्याआधी एकमेकींना प्रश्न विचारा.

गटांनी पुढे काय करावं याबद्दल आमच्या बैठकीत ठरलं ते इथे मांडते. आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना कर्मचारी म्हणून नेमणूक आणि पगार मिळावा या मागणीमागे बचत गटांनी उभं राहायचं. आपल्यासाठी त्या राबतात, त्यांच्या धरण्याला आपण जायचं. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती कागदावर असते, तिची बैठक लावायला ग्रामपंचायतीला भाग पाडायचं आणि तिथे दोघीतिघींनी बसायचंच. पाण्याची, धान्याची, रक्ताची तपासणी झाली की निकाल गावात मराठीत वाचून दाखवा, असं लेखी मागायचं. रेशन दुकानाच्या दक्षता समितीत नावापुरती सही करायची नाही, आलेलं धान्य हातात घेऊन पाहायचं. आणि साथीत किंवा पुरात कुणीही, संस्था असो, सरकार असो की मी असो, सेवेसाठी बोलवायला आलं, तर आधी तीन गोष्टी विचारायच्या. मजुरी किती? आजारी पडलो तर कोण पाहणार? आणि नाही म्हटलं तर चालेल का?

ही यादी झाल्यावर मी त्या मागच्या ओळीतल्या बाईजवळ जाऊन बसले. सगळ्यांसमोर म्हटलं, माझं चुकलं, तेव्हा तुला विचारायला हवं होतं. तिने दहीभाताचा डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "इचारलं असतं तरी मी आलीच असती, ताई. लोकं उपाशी व्हते. पन इचारलं असतं त मजुरीबी मांगतली असती, अन् घरी सांगूनबी आली असती. मंग बुढी गेल्यावर बोल मायावर एकटीवर आला नसता."

यापेक्षा वेगळं मला काही म्हणायचं नाही. पुढच्या श्रावणात आम्ही ही कहाणी पुन्हा वाचणार आहोत. तुमच्या गटातही वाचा, आणि तुमच्या बायका काय विचारतात ते या अंकासाठी कळवा.